ईएफ८९ ची जोडी आणि खंजेरीची थाप : व्हॉल्व्ह कॉम्प्रेसरच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४

आज ठरवूनच टाकलं. कॉम्प्रेसर (चढलेला आवाज आपोआप दाबणारं यंत्र) करायचा, व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्यांचा), आणि घरीच.

निमित्त झालं परवाच्या रेकॉर्डिंगचं. नागपूरच्या हुडकेश्वरच्या भजनी मंडळाला मी माझ्या खोलीत बसवून सहा भजनं ध्वनिमुद्रित केली. खंजेरी भजन ही आपल्या विदर्भाची जिवाभावाची गोष्ट, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे गावोगाव पोचलेली. पण मायक्रोफोनपुढे ती अवघड असते. कातड्यावर बोटं पडली की आवाज सुईसारखा वर जातो आणि बुवांचा गळा त्याच्या कितीतरी खाली राहतो. खंजेरी फाटू नये म्हणून लेव्हल खाली घेतली तर शब्द कळत नाहीत, गळ्यासाठी वर घेतली तर प्रत्येक थापेला लाल दिवा. नंतर संगणकावर बरंच सावरता आलं. पण जे शिरतानाच फाटलं ते नंतर शिवता येत नाही. मला आवाज आत येतानाच सावरणारं यंत्र हवंय.

व्हॉल्व्हच का, तर ही कल्पना मुळात व्हॉल्व्हच्याच पोटात आहे. जुन्या रेडिओतला ईएफ८९ घ्या. हा वेरिएबल-म्यू पेंटोड, म्हणजे पाच इलेक्ट्रोडचा, वाढ कमीजास्त करता येणारा व्हॉल्व्ह. याच्या ग्रिडच्या, म्हणजे आतल्या जाळीच्या, तारेचे वेढे सगळीकडे सारख्या अंतरावर नसतात, काही ठिकाणी दाट आणि काही ठिकाणी विरळ असतात. ग्रिडवर निगेटिव्ह व्होल्टेज वाढवत गेलं की दाट भागातून इलेक्ट्रॉन जायचे थांबतात, विरळ भागातून थोडे थोडे जात राहतात. म्हणजे व्हॉल्व्ह एकदम बंद न पडता हळूहळू मंदावतो. रेडिओतली एव्हीसी (आवाज आपोआप सारखा ठेवणारी सोय) यावरच चालायची. जवळचं नागपूर केंद्र आणि दूरचं सिलोन घरात जवळपास सारख्याच आवाजात वाजायचं ते याच्यामुळे. कॉम्प्रेसरला दुसरं काय हवं असतं?

१९५० च्या दशकातला फेअरचाइल्ड कॉम्प्रेसर याच तत्त्वावर चालतो. राइन नार्मा यांची रचना. स्टिरिओ ६७० मध्ये वीस व्हॉल्व्ह आणि वजन तीस किलोच्या आसपास. त्यातले आठ ६३८६ जातीचे, आणि ते आता सोन्याच्या भावाने मिळतात. तो नाद आपल्याला परवडणारा नाही. मी साचा घेतोय ऑल्टेक ४३६ चा. मोजून तीन सिग्नल व्हॉल्व्ह : पुढे वेरिएबल-म्यू जोडी, मागे आउटपुटची जोडी, आणि आउटपुटवरून सिग्नल घेऊन त्याचं डीसी करणारा ६एएल५ डायोड. ते डीसी परत पहिल्या ग्रिडवर. आवाज चढला की डीसी वाढतं, डीसी वाढलं की पहिली जोडी मंदावते. एबी रोड स्टुडिओतले प्रसिद्ध आरएस१२४ कॉम्प्रेसर म्हणजे ईएमआयच्या लोकांनी बदल करून घेतलेले याच ऑल्टेकचे नग.

मूळच्या ६बीसी८ च्या जागी मी ट्रायोडसारखे जोडलेले (स्क्रीन नावाची दुसरी ग्रिड प्लेटला बांधून) दोन ईएफ८९ लावणार. आउटपुटला ईसीसी८२, एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर ईझेड८०. डायोड सोडला तर बाकी सगळं आपल्याकडच्या जुन्या सामानात सापडणारं.

२४ नोव्हेंबर २०२४

इतवारीत एका भंगारवाल्याकडून चार रेडिओ घेतले. दोघांत उंदराची घरटी होती. प्रत्येकात एक ईएफ८९ जागेवर. मग महालातल्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिककडे गेलो. त्यांनी दुकान केव्हाच बंद केलंय, पण बिस्किटांचा पत्र्याचा डबा जपून ठेवलाय. त्यातून वर्तमानपत्रात गुंडाळलेले आणखी सात निघाले, काहींवर बीईएलचा (भारत इलेक्ट्रॉनिक्सचा) शिक्का. पैसे घेईनात. "बाजूनं ठेवून काय करू? वाजू दे," म्हणाले. ईसीसी८२ दोन आणि ईझेड८० एक तेही त्यांच्याकडचंच. ६एएल५ मात्र बाहेरून मागवावा लागला.

१ डिसेंबर २०२४

अकराही ईएफ८९ चा करंट मोजला. प्लेट आणि स्क्रीन एकत्र, १५० व्होल्ट, ग्रिड उणे ५. दोन मेलेले, एकात हवा शिरलेली (वरचा चंदेरी थर पांढरा पडला होता, न मोजताही कळलं असतं). उरलेल्या आठांत ५.२ पासून ८.४ मिलिअँपपर्यंत फरक. ७.१ आणि ७.० अशी एक सुरेख जोडी मिळाली. वेगळी काढून ठेवली.

१५ डिसेंबर २०२४

ट्रान्सफॉर्मर. मेन्सचा सोपा : २२०-०-२२०, ६० मिलिअँप, आणि हीटरला ६.३ व्होल्ट ३ अँप. हीटरची बेरीज १.६ अँपच होते, पण आपल्याकडे रात्री लाइन २४८ पर्यंत चढते, उन्हाळ्यात खोली भट्टी होते, त्यामुळे तार जाड बरी. वाइंडिंगवाल्या भाऊंनी दोन दिवसांत देतो म्हटलं.

आउटपुटचा मात्र त्यांना पटेना. वीस किलोओहमवरून सहाशेवर, म्हणजे ५.७७ ला १. प्रायमरी ४,००० वेढे ४० गेजचे, सेकंडरी ६९३. मी म्हटलं, प्रायमरी चार तुकड्यांत गुंडाळा आणि सेकंडरी तीन तुकड्यांत त्यांच्या मधेमधे.

"दादा, एवढे तुकडे कायले पाह्यजे? एकसंध मारून देतो ना, काम तेच होते."

घाईत मी हो म्हणून बसलो. इथे अडून राहायला हवं होतं.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. आभाळभर पतंग, गल्लीत "ओ पार"चा गजर, आणि मी गच्चीवर चॅसीला भोकं पाडत. दोन मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा, सॉकेटला २२ मिलिमीटरचा होल-सॉ. लोखंडी पत्रा स्वस्त पडला असता, पण त्यातून मेन्स ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र इनपुटपर्यंत चालत जातं.

फिल्टरला चोक हवा होता. ट्यूबलाइटचा जुना, तांब्याच्या तारेचा चोक लावला. हेन्री कमी, पण करंटही कमीच आहे, चालतं.

२६ जानेवारी २०२५

पहिल्यांदा वीज दिली, सिरीज बोर्डवर ६० वॉटचा बल्ब लावून. बल्ब क्षणभर पेटला आणि मंद झाला, म्हणजे शॉर्ट नाही. मग थेट. ईझेड८० तापायला पंधरा-वीस सेकंद घेतो, तेवढा वेळ मीटरचा काटा शून्यावर आणि माझा श्वास घशात. मग काटा चढू लागला : ९०, १८०, २४०, आणि २५८ ला थांबला. हीटर ६.४.

हे वाचून कुणी करणार असेल तर एक सांगतो आणि मनापासून सांगतो. २५८ व्होल्ट डीसी हात सोडत नाही. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज असतो. मी २२० किलोओहमचा ब्लीडर (चार्ज ओसरवणारा रेझिस्टर) कायमचा जोडलाय, आणि तरीही हात घालण्याआधी मीटरने बघतो. मोजताना एक हात खिशात.

२ फेब्रुवारी २०२५

आवाज येतो, पण त्याच्याखाली जाड हमिंग. इनपुट ग्रिड जमिनीला जोडली की बंद, म्हणजे हम इनपुट ट्रान्सफॉर्मरमधून येतोय. हा ट्रान्सफॉर्मर एका जुन्या पीए अँप्लिफायरमधून काढलेला. त्याच्या सेकंडरीला सेंटर टॅप नाही, म्हणून १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर नेमके जुळवून मध्यबिंदू तयार केला आहे. आवाज दाबणारं कंट्रोल व्होल्टेज तिथूनच दोन्ही ग्रिडला जातं. ग्रिड करंट घेत नाहीत, त्यामुळे चालून जातं.

स्क्रू काढले, वायर लांब केल्या, हेडफोन कानाला लावला आणि तो ट्रान्सफॉर्मर हातात धरून हळूहळू फिरवत गेलो. उभा धरला तर घरघर वाढली. आडवा केला, कमी झाली. मग त्याच आडव्या स्थितीत घड्याळाच्या काट्यासारखा एकेक अंश वळवला. एका जागी घरघर विझली. अगदी विझली, फक्त व्हॉल्व्हची बारीक सळसळ उरली. एक केसभर पुढे नेला की परत. मीटरवर १४ मिलिव्होल्टचे ०.९ झाले. त्याच जागी चॅसीवर पेन्सिलने रेघ मारली. ट्रान्सफॉर्मर आता तिरका बसलाय, समोरच्या रेषेशी साधारण तीस अंशांत. दिसायला विचित्र आहे, मी तो तसाच ठेवणार.

९ फेब्रुवारी २०२५

साइडचेन, म्हणजे आउटपुटवरून कंट्रोल व्होल्टेज तयार करणारी वाट, जोडली. ईसीसी८२ च्या दोन्ही प्लेटवरून ०.१ मायक्रोफॅरडमधून ६एएल५ च्या कॅथोडला, ॲनोड एकत्र करून कंट्रोल लाइनला. कॅथोडवर थोडं पॉझिटिव्ह व्होल्टेज दिलंय. सिग्नल त्याच्यापुढे जाईपर्यंत डायोड गप्प, तोच थ्रेशोल्ड.

चालला! एक किलोहर्ट्झचा टोन १० डेसिबलने चढवला, आउटपुट ४ नेच चढला. आणखी १० चढवला, आउटपुट जेमतेम २.५. जसा आवाज मोठा तशी पकड घट्ट. जुन्या रेडिओतल्या व्हॉल्व्हने हे केलं, आज जेवणही नीट गेलं नाही आनंदाने.

पण बोलून पाहिलं तर प्रत्येक जोरदार शब्दाच्या सुरुवातीला "धप्" असा खोल आवाज येतो. शब्दामागे कुणी गादीवर उडी मारावी तसा.

१६ फेब्रुवारी २०२५

धप्पचं मूळ सापडलं, आणि ते १ डिसेंबरच्या नोंदीत आहे.

पुश-पुल का असतं इथे? कंट्रोल व्होल्टेज दोन्ही ग्रिडवर एकसारखं जातं. त्याने दोन्ही प्लेटचं डीसी एकदमच वर सरकतं. पुढचा टप्पा दोघांतला फरक तेवढा घेतो, म्हणून ते सरकणं ऐकू येत नाही. पण यासाठी दोन व्हॉल्व्ह *प्रत्येक* बायसला (ग्रिडवरच्या निगेटिव्ह व्होल्टेजला) जुळायला हवेत. मी फक्त उणे ५ ला जुळवले होते. आज तीच सुरेख जोडी उणे १५ ला मोजली : एक ०.९ मिलिअँप, दुसरा ०.५. आरामात असताना जुळे भाऊ, ताण आला की दोघं दोन दिशांना. कॉम्प्रेसर दाबायला लागला की हा फरक वर येतो, तोच धप्प.

आठही व्हॉल्व्ह पुन्हा मोजले, या वेळी उणे ५, १०, १५, २० अशा चार जागी. तीन तास लागले, कारण प्रत्येक व्हॉल्व्ह दहा मिनिटं तापू दिला. आलेखाच्या वहीत आठ वक्र काढले. सगळ्यांत चांगली जमलेली जोडी ही :

पहिला : ६.६, २.३, ०.७४, ०.२१
दुसरा : ६.३, २.२, ०.७२, ०.२०

उणे ५ ला यांच्यात ०.३ चा फरक आहे, म्हणून डिसेंबरात मी यांना बाजूला सारलं होतं. कॅथोडमध्ये ५०० ओहमचा प्रिसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) टाकून तेवढं सावरता येतं. वक्राची शेपटी जुळणं महत्त्वाचं, ती प्रिसेटने जुळत नाही. लावले, प्रिसेट फिरवला, धप्प गेला. फार जोरात ओरडलं तर अजून पुसटसा येतो, पण भजनात कोणी तसं ओरडत नाही.

२ मार्च २०२५

आउटपुट ट्रान्सफॉर्मर ९ किलोहर्ट्झलाच ३ डेसिबल पडतो. खंजेरीच्या चकत्यांची सगळी चमक त्याच्या वरच असते. भाऊंकडे परत गेलो, त्यांच्याशेजारी स्टुलावर बसलो आणि तुकड्यातुकड्यांत गुंडाळून घेतला. मधे लेदरॉइडचा पातळ कागद. दुसरी मजुरी आनंदाने दिली, पहिल्या वेळी मीच कच खाल्ली होती. आता १९ किलोहर्ट्झ. भाऊंनाही आलेख दाखवला. "म्हंजे तुकड्यानं एवढा फरक पडते?" म्हणून त्यांनी तो मोबाइलवर काढून घेतला.

२३ मार्च २०२५

समोरच्या बंगल्यातले काका प्रसारण खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेत. आज यंत्र दाखवायला त्यांना बोलावलं. चष्मा कपाळावर चढवून पाच मिनिटं ते नुसते चॅसीच्या खालच्या बाजूला बघत राहिले.

"लिमिटिंग अँप्लिफायर आमच्याकडे शोभेला नव्हता," ते म्हणाले. "एएम ट्रान्समीटरला मॉड्युलेशन शंभर टक्क्यांपुढे गेलं की खालच्या टोकाला कॅरिअर क्षणभर तुटते. ऐकणाऱ्याला फाटलेला आवाज, आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर खरखर. म्हणून हा पहारेकरी दारात उभा करायचा. आणि दुसरं, सरासरी आवाज जितका वर, तितकं लांबच्या खेड्यातल्या माणसाला स्वच्छ ऐकू जातं."

मग १९८८ मध्ये नागपुरातून १५६६ किलोहर्ट्झवर सुरू झालेल्या नॅशनल चॅनेलबद्दल बोलत बसले. हजार किलोवॉटचा ट्रान्समीटर, रात्रभराची सेवा. मी वहीत लिहून घ्यायचंही विसरलो.

जाताना विचारलं, "रिलीज किती ठेवलास?" रिलीज म्हणजे दाबलेला आवाज सुटायला लागणारा वेळ. मी म्हटलं, ०.४७ मायक्रोफॅरड आणि ४७० किलोओहम, ०.२२ सेकंद. "खंजेरी लावून बघ, मग मला सांग." एवढंच म्हणून गेले.

१३ एप्रिल २०२५

मंडळातला खंजेरीवाला मुलगा आणि बुवा आज दुपारी येऊन गेले. बाहेर ऊन असं की चौकात चिटपाखरू नाही. आवाज नको म्हणून कूलर बंद, तिघंही घामाने निथळलेले.

काकांना काय म्हणायचं होतं ते अर्ध्या मिनिटात कळलं. अटॅक, म्हणजे आवाज चढल्यापासून पकड बसेपर्यंतचा वेळ, ५ मिलिसेकंद होता, म्हणजे कॉम्प्रेसर थाप पकडतो. पकडतो आणि तिच्याबरोबर बुवांचा गळाही खाली ओढतो. ०.२२ सेकंदांत सोडतो, गळा वर येतो, तोवर पुढची थाप. द्रुत लयीत थापा सेकंदाला चारेक पडतात. प्रत्येक दोन थापांच्या मधे बुवांचा आवाज फुगतोय आणि बसतोय, जणू कुणी त्यांच्या तोंडासमोर दार उघडझाप करतंय. बुवा हेडफोन काढून म्हणाले, "माझा श्वास कोंडल्यासारखा वाटते." यंत्राविषयी याहून नेमकं मी ऐकलेलं नाही.

अटॅकला ४७ किलोओहम टाकला, साधारण २२ मिलिसेकंद. आता थापेचं टोक निसटून जातं, आणि जाऊ दे, तिचा चटका तिथेच असतो. कॉम्प्रेसर गळ्यावर बसला. रिलीज २.२ मेगओहम करून एक सेकंदावर नेला, उघडझाप थांबली. पण आता उलटं : एखादी एकटी जोराची थाप पडली की तिच्यामागचा अर्धा शब्द बुडतो.

२७ एप्रिल २०२५

दोन आठवडे याच एका कपॅसिटरपाशी अडकलोय, आणि मला त्याचा कंटाळा नाही. सगळं यंत्र इथेच ठरतं.

उत्तर फेअरचाइल्डच्या पाचव्या आणि सहाव्या टाइम कॉन्स्टंटमध्ये, म्हणजे वेग ठरवणाऱ्या बटणाच्या त्या जागांमध्ये, होतं. तिथे सोडण्याचा वेग आवाजावरून ठरतो. पाचव्यावर सुट्या टोकाला दोन सेकंद, सतत येणाऱ्यांना दहा. आकडे मला नको होते, युक्ती हवी होती. ०.४७ आणि त्याच्या जोडीला एक मेगओहम तसेच ठेवले. त्यांना समांतर, ४७० किलोओहममधून, २.२ मायक्रोफॅरडचा दुसरा कपॅसिटर.

एकच थाप आली तर छोटा कपॅसिटर भरतो. मोठ्याला भरायला सेकंदभर लागतो, तो जवळपास रिकामाच राहतो, आणि छोट्यातला चार्ज दोन्ही वाटांनी ओसरतो, ०.१५ सेकंदात. पण बुवांनी ओळ उचलून धरली, टाळ-खंजेरी भरात आली, तर मोठाही भरतो, आणि मग सुटायला अडीच-पावणेतीन सेकंद. सुट्या थापेला पटकन माफी, भरातल्या भजनाला स्थिर हात.

दोन्ही कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनचे. मेगओहमच्या घरात इलेक्ट्रोलाइटिक चालत नाही, त्याची गळतीच रिलीज ठरवून टाकते. टॅगबोर्ड स्पिरिटने पुसला. पावसाळ्यात त्यावर ओल धरली तर थ्रेशोल्ड सरकेल, तेव्हा जुलैत परत मोजायचं.

११ मे २०२५

मीटर लागला. जुना एक मिलिअँपचा, ईएफ८९ च्या कॅथोड करंटवर. आवाज दाबला की काटा डावीकडे पडतो. स्केल हाताने काढली : ०, ३, ६, १०, १५.

तीन तास चालू ठेवून पाहिला. खोलीत ४१ अंश. मेन्स ट्रान्सफॉर्मरवर हात तीन सेकंद ठेवता येतो, चौथ्याला काढावा लागतो. जाड तार मागितली ते बरं झालं. वरच्या झाकणाला आणखी दोन रांगा भोकं पाडली.

१८ मे २०२५

मंडळ पुन्हा आलं, या वेळी रात्री नऊनंतर, कूलर बंद ठेवणं सोसेल अशा वेळी. तीच सहा भजनं. काटा गळ्यावर ४ ते ६ डेसिबलमध्ये झुलत होता, भरात ९ पर्यंत. रेकॉर्डरचा लाल दिवा सबंध रात्रीत एकदाही लागला नाही.

तिसऱ्या भजनात बुवा आवाज अगदी खाली आणतात, जवळजवळ स्वतःशीच म्हणतात, आणि खंजेरीवर फक्त एक बोट चालू असतं. नोव्हेंबरच्या रेकॉर्डिंगमध्ये ती ओळ हरवली होती. आज काटा शून्याकडे आला, आणि शब्द, ओठ मिटल्याचा आवाज, पेटीच्या भात्याचा श्वास, सगळं पुढे आलं. मग सगळ्यांनी एकदम उचललं, काटा खाली गेला, आणि गळा खंजेरीच्या बरोबरीने उभा राहिला.

बुवांनी ती ओळ हेडफोनवर तीनदा ऐकली. मग हेडफोन खंजेरीवाल्या मुलाच्या कानाला लावला. काकांनाही खिडकीतून हाक मारली, ते बनियनवरच आले आणि बसून सहावं भजन पूर्ण ऐकलं.

सेटिंग चॅसीच्या आत पेन्सिलने लिहून ठेवलं : अटॅक ४७ किलोओहम, रिलीज दुहेरी, डायोडला १८ व्होल्ट. चांगले ईएफ८९ सहा शिल्लक आहेत. त्यांत दुसऱ्या चॅनेलची जोडी निघते का ते वक्रांच्या वहीत बघायचंय, चारही जागी.